धरा, पाडा आणि सोडा: कबड्डीच्या पोरांना 24 दिवसांत रग्बी शिकवल्याचं प्रकरण

ऑगस्टच्या सुरुवातीला मुख्याध्यापकांनी बोलावून टेबलावरचा एक कागद माझ्याकडे सरकवला. शालेय स्पर्धांच्या यादीत रग्बी होतं. 17 वर्षांखालील मुलं, सात जणांचा संघ. "आपली कबड्डीची पोरं आहेत की, तीच उतरवा," सर म्हणाले. "शेवटी धरायचं आणि पाडायचंच ना?" मी हो म्हणालो, कारण मलाही तसंच वाटत होतं. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते त्या 'धरायचं आणि पाडायचं' मुळेच.

मी स्वतः कबड्डी खेळलेला माणूस. लंगोट बांधून मातीतली कबड्डी, मग मॅटवरची. रग्बीचा एक सामनाही तोवर मी पूर्ण पाहिलेला नव्हता. हाताशी 24 दिवस, दोन चेंडू (त्यातला एक रोज सकाळी मऊ पडलेला) आणि 16 पोरं. अकरा कबड्डीतली, तीन खो-खोतली, दोन तालमीतली. बहुतेकांची घरं सोलापुरातल्या अशोक चौकापासून विडी घरकुलापर्यंतच्या पट्ट्यात. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई विड्या वळणारी. पाच जण घरी तेलुगू बोलणारे, दोघे कन्नड, बाकी मराठी. ही गोष्ट पुढे उपयोगाला आली म्हणून सांगतोय. पोरांची नावं देत नाही. कबड्डीतल्या जागेवरूनच त्यांची ओळख करून देतो: उजवा कोपरा, डावा कोपरा, चढाईवाला. आणि तालमीतला मोठा, त्याला सगळे पैलवानच म्हणतात.

फळ्यावरचा पहिला आठवडा

पहिला आठवडा मी वाया घालवला, तोही मोठ्या मेहनतीनं. रात्री मोबाईलवर बसून रग्बीतल्या जागा उतरवून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर 1 ते 15 आकडे मांडले. पंधरा जणांच्या रग्बीत पाठीवरचा आकडा म्हणजेच जागा. 1 आणि 3 हे प्रॉप, म्हणजे टेकू. त्यांच्या मधला 2 हा हुकर, स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे फॉरवर्ड वाकून, खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात तो) चेंडू पायानं मागं ओढणारा. 4 आणि 5 लॉक, मागून रेटा देणारे उंच गडी. 6 आणि 7 फ्लँकर, 8 ला नावच 'नंबर एट'. हे आठ फॉरवर्ड. 9 स्क्रम-हाफ, 10 फ्लाय-हाफ, 12 आणि 13 सेंटर, 11 आणि 14 दोन्ही कडांचे विंग आणि सगळ्यात मागं 15 फुलबॅक.

चौथ्या दिवशी पोरं हे पाढ्यासारखं म्हणू लागली. मी खूश. वास्तविक आम्ही खेळणार होतो सात जणांची रग्बी. तिथं तीन फॉरवर्ड आणि चार बॅक, स्क्रमही तीन-तीनचा, आणि पाठीवरच्या आकड्याचा जागेशी काही संबंध असेलच असं नाही. म्हणजे निम्मा फळा आमच्या कामाचाच नव्हता. पण खरी चूक ती नव्हती. जागेचं नाव शिकवलं की जागेचं काम येतं, असं मी धरून चाललो होतो. कबड्डीत ते बरंचसं खरं ठरतं, कारण तिथं कोपऱ्यातला कोपऱ्यातच उभा असतो. रग्बीत नऊ नंबरचा कुठं उभा राहणार हे चेंडू कुठं पडला त्यावर ठरतं. चेंडू कुठं आणि कसा पडतो, त्यानंतर कुणी काय करायचं, हे ठाऊक नसेल तर 'स्क्रम-हाफ' हा नुसता शब्द.

एक गोष्ट मात्र त्या आठवड्यात बरी झाली. कलकत्त्यातला इंग्रजांचा रग्बी क्लब 1878 मध्ये बंद पडला, तेव्हा सभासदांनी शिल्लक चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडवला. दांड्यांच्या जागी नाग आणि झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड 1879 पासून त्या चषकासाठी खेळतात. पोरांना हे फार आवडलं. "म्हणजे पैसे आपलेच की सर," चढाईवाला म्हणाला. मग फिजीचं सांगितलं. 2011 च्या जनगणनेत आपलं सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं, आणि तो अख्खा देश त्याहून लहान. त्याच देशानं 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सात जणांच्या रग्बीच्या अंतिम सामन्यात ब्रिटनला 43–7 नं हरवून आपलं पहिलं सुवर्णपदक नेलं. आठवडाभराच्या शिकवणीत पोरांच्या डोक्यात राहिलं ते एवढंच.

पहिला सामना, आपसातला

आठव्या दिवशी सात-सातच्या दोन तुकड्या करून शिट्टी तोंडात धरली. सात जणांच्या सामन्यात 7 मिनिटांचे दोन डाव असतात. ती 14 मिनिटं संपायला पाऊण तास लागला. दर अर्ध्या मिनिटाला मी शिट्टी मारत होतो, आणि प्रत्येक शिट्टीला पोरं माझ्याकडे 'आता काय केलं?' असं बघत होती. संध्याकाळी पार्क स्टेडियमजवळ चहा घेत वहीत लिहायला बसलो तेव्हा कळलं, की पोरं चुकत नव्हतीच. प्रत्येक जण आपापला जुना खेळ बिनचूक खेळत होता.

उजवा कोपरा घ्या. त्यानं धावत्या गड्याची मांडी धरली, खाली आणला आणि धरूनच ठेवला. कबड्डीत हेच तर करायचं असतं. चढाईवाल्याचा दम जाईपर्यंत, पंचांची शिट्टी होईपर्यंत सुटला तर पकड कसली? रग्बीत टॅकल म्हणजे चेंडूवाल्याला धरून जमिनीवर आणणं. तो जमिनीला लागला की पाडणाऱ्यानं त्याला तत्काळ सोडायचं आणि तिथून बाजूला सरकायचं. पडलेल्यानंही चेंडू लगेच सोडायचा, म्हणजे मागं ठेवायचा किंवा द्यायचा. दोघांपैकी जो धरून बसेल त्याच्याविरुद्ध पेनल्टी. माझ्या निम्म्याहून अधिक शिट्ट्या या एकाच नियमाच्या होत्या.

डाव्या कव्हरनं (कबड्डीत कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभा राहणारा) खांद्यानं धडक मारून गड्याला रेषेबाहेर घालवलं आणि मुठी आवळून ओरडला. कबड्डीत तो सुंदर डॅश ठरला असता. रग्बीत हात न गुंडाळता नुसता खांदा घातला की ती बेकायदा धडक. दोघांनी हात धरून साखळी केली आणि पळत येणारा थेट छातीवर त्या हातांत अडकला. नशीब, वेग कमी होता. पैलवानानं पट काढावा तसा एकाला दोन्ही पायांसकट उचलला. आखाड्यात लोकांनी फेटे उडवले असते. रग्बीत उचललेल्या माणसाला डोक्यावर किंवा मानेवर आपटू दिलंत तर थेट लाल कार्ड.

चढाईवाल्याची गंमत वेगळी. तो सगळ्यांना चुकवून गोलरेषेपलीकडे गेला, हात वर केले आणि चेंडू फेकून नाचायला लागला. कबड्डीत मध्यरेषेला बोट लागलं की काम झालं. रग्बीत चेंडू रेषेवर किंवा रेषेपलीकडे जमिनीला टेकवावा लागतो, तेव्हाच ट्राय होते आणि 5 गुण मिळतात. मग वरच्या 2 गुणांसाठी लाथ. "टेकव की बे!" असं तिघं ओरडत होते, पण तोवर चेंडू घरंगळत पार मागच्या रेषेबाहेर गेलेला.

आणि सगळ्यांत मोठा घोळ जागेचा. कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटर. रग्बीचं साधारण 100 बाय 70, आणि सात जणांच्या खेळालाही तेवढंच मोठं. आमची पोरं त्या 13 बाय 10 मध्ये वाढलेली. चेंडू जिथं, तिथं चौदाच्या चौदा. गुळाला मुंगळे लागावेत तसं. फळ्यावरचा विंग कडेला उभा राहायचा तो त्या मुंगळ्यांत सगळ्यात पुढं.

टॉवेलच्या चिंध्या

दहाव्या दिवसापासून फळा बंद केला. जागांची नावं घ्यायची नाहीत, असं पोरांना आणि स्वतःलाही बजावलं. एकाच्या वडिलांच्या मागावरून टॉवेलच्या कडेच्या चिंध्या पिशवीभर आणल्या. कमरेला दोन्ही बाजूंनी एकेक चिंधी खोचायची, चिंधी ओढली गेली की टॅकल झाला असं समजायचं आणि चेंडू मागच्याला द्यायचा. जगभर नवशिक्यांना टॅग रग्बी अशीच शिकवतात. फरक इतकाच, की आमचे पट्टे अस्सल सोलापुरी टॉवेलचे.

मुरमाच्या मैदानावर पाडापाडी करणं म्हणजे गुडघे सोलून घेणं, म्हणून दहा ते तेरा हे चार दिवस नुसत्या चिंध्यांवर काढले. मागं पास देणं पोरांना जड जात होतं. चेंडू हातानं पुढं टाकायचा नाही, हातातून पुढं निसटून जमिनीवर पडला तरी नॉक-ऑन, हे तोंडानं ती सांगायची आणि समोरचा मोकळा दिसला की टाकून मोकळी व्हायची. इथं खो-खोवाल्यांनी मला वाचवलं. त्यातला एक म्हणाला, "सर, खो समोरून देत नाहीत की. पाठीमागूनच देतात." मी त्याचंच सूत्र उचललं: घेणारा नेहमी पाठीमागून येणार, तू वळून त्याच्या पुढ्यात ठेव. दोन दिवसांत पुढचे पास निम्म्यानं घटले.

नॉक-ऑनची दुसरी बाजूही त्याच दिवसांत उकलली. चेंडू हातातून सुटून मागं पडला तर ती चूकच नाही, खेळ चालू राहतो. आमची पोरं चेंडू पडला की थांबायची, शरमून जीभ चावायची, तोवर समोरचा उचलून पसार. "शिट्टी वाजली का? नाही ना? मग पळ," हे मी किती वेळा ओरडलो असेन त्याची गणती नाही. पेनल्टीचं याच्या उलट. कबड्डीत शिट्टी झाली की आपापल्या जागी परतायचं. इथं पेनल्टीची शिट्टी झाली की समोरचा चेंडूला पाय लावून त्याच क्षणी धावत सुटू शकतो, आणि तुम्हाला 10 मीटर मागं जावं लागतं. पाठ फिरवून चालत गेलात की संपलं.

तालमीतली माती

चौदाव्या दिवशी पैलवानाच्या वस्तादांना विचारून सकाळी दोन तास तालीम मिळवली. तांबडी माती, ताकात आणि तेलात मळलेली. पडायला याहून चांगली जागा सोलापुरात नाही. वस्ताद कडेला बसून बघत होते. माझी एक अट होती. धरा, पाडा, आणि पाडताक्षणी सगळ्यांनी मिळून ओरडायचं.

पहिल्यांदा सगळे 'सोड!' ओरडले. तरी उजवा कोपरा काही सोडेना. तेव्हा त्याचा घरचा शेजारी तेलुगूत किंचाळला, "वदिलेय!" आणि हात आपोआप उघडले. सगळे हसले. मग कन्नडवाल्यानं "बिडो!" जोडलं. तेव्हापासून आमच्याकडे टॅकल झाला की तिन्ही भाषांतून एकदम आरोळी उठायची. बघणाऱ्याला भांडण लागलंय असं वाटावं. पण याचं कारण मला साधं वाटतं. सहा वर्षं जे शरीरात मुरवलंय ते डोक्याला समजावून सुटत नाही. त्याच्या घरातला आवाज त्याच्यापर्यंत लवकर पोचला.

सोडण्यामागोमाग रक आला. टॅकलनंतर जमिनीवरच्या चेंडूवर दोन्ही संघांचा किमान एकेक गडी पायांवर उभा राहून भिडला की रक झाला. मग चेंडूला हात लावायचा नाही, रेटून पायानं मागं काढायचा. येणाऱ्यानं आपल्या बाजूनंच, मागून यायचं. बाजूनं घुसला की पेनल्टी. मी मातीत बोटानं दार आखलं: आपल्या शेवटच्या गड्याच्या मागून आत. वस्ताद म्हणाले, "म्हणजे देवळासारखं. मागच्या खिडकीतनं शिरायचं नाही." रकमध्ये नसलेल्यांनी आपल्या शेवटच्या गड्याच्या पायामागं थांबायचं, ती ऑफसाइडची रेषा. ही रेषा कळली त्या दिवशी मुंगळे पांगले. सगळे रकमध्ये गेले तर मागच्या रेषेवर कुणीच उरत नाही, हे त्यांना आपणहून दिसलं.

पंधराव्या दिवशीचा अपघात

हे माझ्या चुकीनं झालं. डाव्या कोपऱ्यानं धावत्या गड्याच्या घोट्यावर सूर मारला. कबड्डीतली त्याची ती हुकमी पकड. पण तिथं चढाईवाला मागं सरकत असतो, इथं समोरून पूर्ण वेगानं येतो. डोकं धावणाऱ्याच्या पुढ्यात गेलं आणि गुडघा कानशिलाला लागला. उठून "काय नाही सर" म्हणाला, पण एकच प्रश्न त्यानं मला दोनदा विचारला. मी त्याला तिथंच थांबवलं आणि दवाखान्यात नेलं. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी गडी बाहेर आणि त्या दिवशी परत आत नाही, हा रग्बीतला पक्का दंडक आहे. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. तो स्पर्धेला मुकला.

मी धरायचं कुठं ते शिकवलं होतं, डोकं कुठं ठेवायचं ते शिकवलं नव्हतं. गाल त्याच्या मांडीच्या मागच्या अंगाला, डोकं कधीही पळणाऱ्याच्या पुढ्यात नाही, पकड खांद्यांच्या रेषेखालीच, हे पहिल्या दिवशी शिकवायला हवं होतं. त्याच्या आईनं मला एवढंच विचारलं, "मास्तर, तुम्ही हा खेळ खेळलाय का कधी?" मी खरं सांगितलं. दुसऱ्या एका पालकांनी दहावीचे क्रीडागुण मिळतात का विचारलं. त्या दिवशी तो प्रश्न मला फार लागला. आता तितका लागत नाही.

जागा परत आल्या, वेगळ्या नावांनी

अठराव्या दिवशी एक मजा झाली. रकमधून चेंडू काढून वाटणारा कुणी नेमला नव्हता, पण दर वेळी खो-खोतला तोच बारका पोरगा तिथं पोचत होता. पोरं त्याला 'वाढपी' म्हणू लागली. पंगतीत वाढप्या जसा भराभर सगळ्यांपर्यंत पोचतो तसा. हाच फळ्यावरचा स्क्रम-हाफ. वाढप्याकडून घेऊन डावीकडं की उजवीकडं, पळायचं की लाथ मारायची, हे ठरवणारा चढाईवाला आपसूक फ्लाय-हाफ झाला. एकट्यानं समोरच्या सात जणांना वाचायची सवय त्याच्याशिवाय कुणाला होती? उजवा कोपरा आणि पैलवान प्रॉप. त्यांना 'खांब' म्हणायचे, आणि प्रॉपचा अर्थ टेकूच आहे हे मी सांगितल्यावर त्यांना फार भारी वाटलं. सगळ्यात वेगवान पोराला कडेला उभं केलं. चेंडू येईपर्यंत तिथंच कंटाळत थांबणं हेच त्याचं काम, हे त्याला पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

स्क्रम आम्ही शेवटच्या चार दिवसांत उरकला. लाइनआउटला, म्हणजे चेंडू कडेच्या रेषेबाहेर गेल्यावर दोन रांगांच्या मधे आत फेकतात त्याला, तर अर्धाच तास दिला. कन्व्हर्जनच्या, म्हणजे ट्रायनंतरच्या त्या 2 गुणांच्या लाथांचं नाव काढू नये. सात जणांच्या खेळात ती ड्रॉप किकनं मारावी लागते, चेंडू जमिनीवर टाकून उसळताना. लांबट चेंडू मुरमावर कुठं उसळेल ते त्यालाही ठाऊक नसतं.

स्पर्धेचा दिवस

पहिला सामना 0–31. पैलवानाला पिवळं कार्ड, उचलल्याबद्दल. सात जणांच्या खेळात पिवळं कार्ड म्हणजे 2 मिनिटं बाहेर, आणि 14 मिनिटांच्या सामन्यात सहा जणांनी काढलेली ती 2 मिनिटं फार लांब असतात. तेवढ्यात दोन ट्राय गेल्या. एक घोळ माझ्या अज्ञानाचा: सात जणांच्या खेळात ज्यानं गुण केले तोच पुन्हा किक-ऑफ करतो. मी पोरांना पंधरा जणांचा नियम सांगून ठेवलेला, तिथं गुण खाल्लेला संघ लाथ मारतो. पहिल्या ट्रायनंतर आमची पोरं चेंडू मागायला पंचांकडे गेली.

दुसरा सामना 5–19. पण वहीत मी एक खूण केली: न सोडल्याची पेनल्टी एकच.

तिसऱ्यात 7–10 नं मागं होतो आणि घड्याळात मिनिटभर उरलं होतं. वाढप्यानं काढला, चढाईवाला आत घुसला आणि रेषेच्या हातभर अलीकडे खाली आणला गेला. पडलेल्या गड्यानं चेंडू लगेच सोडायचा असतो. पण हात लांबवून तो लगेच रेषेवर टेकवता आला तर तेही चालतं. हे मी त्याला कधी शिकवलं नव्हतं. पाय धरलेला असताना पोट घासत मध्यरेषेकडे बोटं ताणायची, हे त्याला दहा वर्षांचा असल्यापासून येत होतं. त्यानं तेच केलं, बोटांऐवजी चेंडू ताणला. 12–10. लाथ बाहेर गेली. कुणाला वाईट वाटलं नाही.

नंतरचं

डावा कोपरा आता बरा आहे आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर चिंध्यांच्या खेळापासून परत सुरू झालाय. फळ्यावर मी 1 ते 15 आकडे परत लिहिले नाहीत. मुख्याध्यापकांनी पुढच्या वर्षी मुलींचाही संघ काढा म्हणून सांगितलंय. त्यांना पहिल्या दिवशीच डोकं कुठं ठेवायचं ते शिकवणार.

ऑक्टोबरमध्ये कबड्डीचा सामना होता. शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणानं पुढं, समोरचा शेवटची चढाई करायला आला. उजव्या कोपऱ्यानं कमालीची मांडी धरली. गडी आडवा. प्रेक्षकांत बसलेला रग्बीतला कुणीतरी सवयीनं ओरडला, "वदिलेय!"

आणि त्यानं सोडला.